सकाळी सेल मारला की दोन सेकंद खडखड: ऑईल फिल्टर कुठल्या कंपनीचा घ्यावा?

शाहूपुरीकर
शनिवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची स्विफ्ट पेट्रोल, ८६ हजार किलोमीटर झालेत. पहिली पाच वर्षं सर्व्हिसिंग शोरूमला, त्यानंतर घराजवळच्या एका गॅरेजला. चार महिन्यांपूर्वी ऑईल आणि फिल्टर बदलून घेतला. तेव्हापासून रोज सकाळी पहिल्यांदा सेल मारला की इंजिनातून दोन-तीन सेकंद खडखड येते. ऑईलचा लाल दिवाही पूर्वीपेक्षा जरा उशिरा विझतो. मग आवाज थांबतो आणि दिवसभर गाडी एकदम शांत. दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच.

आज गाडीखाली वाकून बघितलं. फिल्टरच्या डब्यावर जे नाव आहे ते एका मोठ्या कंपनीसारखं वाटतं, पण नीट वाचलं तर एक अक्षर वेगळं. बिलावर नुसतं 'ऑईल फिल्टर १ नग' लिहिलंय. गॅरेजवाल्यांना फोन केला तर म्हणाले, गाडी जुनी झाली, आवाज येणारच.

दर पंधरा दिवसांनी वडिलांना दवाखान्यासाठी मिरजेला न्यावं लागतं, त्यामुळे वाटेत गाडीनं दगा दिलेला मला चालणार नाही. दुकानात गेलो तर समोर पाच-सहा कंपन्यांचे डबे मांडले, भाव नव्वदपासून साडेतीनशेपर्यंत. कुठला घ्यायचा ते कशावरून ठरवायचं? आणि ही खडखड फिल्टरचीच असू शकते का?


बावड्याचा_पैलवान
शनिवार, रात्री ९.५२

भावा, कंपनीचा जेन्युइन टाक आणि निवांत झोप. तुझ्या गाडीचा दोनशेच्या आत येतोय. एवढ्याशा पैशासाठी डोकं कशाला खराब करून घ्यायचं?


मेस्त्री_उद्यमनगर
शनिवार, रात्री १०.३०

शाहूपुरीकर दादा, तुमचा आवाज फिल्टरचा असण्याची शक्यता बरीच आहे. का ते सांगतो. मी ३१ वर्षं इंजिनकाम करतोय. सुरुवात उद्यमनगरात ऑईल इंजिनांवर झाली, नंतर गाड्यांकडे वळलो.

फिल्टरचा डबा उलटा करून बघा. मधे आट्यांचं एक मोठं भोक असतं आणि त्याच्याभोवती गोलाकार बारीक भोकं. घाण ऑईल बारीक भोकांतून आत जातं, कागदातून गाळून मधल्या भोकातून बाहेर पडतं आणि थेट क्रँकच्या बेअरिंगांकडे, वर कॅमकडे जातं. त्या बारीक भोकांच्या आत रबराची एक पातळ चकती असते. इंजिन बंद झालं की ती भोकं झाकते आणि डब्यातलं ऑईल परत चेंबरात (इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं तिथे) उतरू देत नाही. आम्ही तिला नुसतं 'आतला रबर' म्हणतो. नाव काय का असेना, काम मोठं आहे.

हा रबर हलका असेल, कडक झाला असेल किंवा नीट बसलाच नसेल तर रात्रभरात डबा रिकामा होतो. डबा आडवा किंवा तिरका बसणाऱ्या गाडीत तर लवकरच. सकाळी सेल मारला की पंप आधी रिकामा डबा भरतो, मग ऑईल वर जातं. तेवढे दोन-तीन सेकंद वरचं सगळं काम कोरडं चालतं. तुमच्या इंजिनात टायमिंगची चेन आहे आणि ती ताणून धरणारा टेन्शनर ऑईलच्या दाबावर चालतो. दाब यायला उशीर झाला की चेन सैल राहते आणि खडखडते. लाल दिवा उशिरा विझणं हे त्याच गोष्टीचं दुसरं लक्षण.

आता दुसरी बाजू. चेन किंवा टेन्शनर खरोखरच झिजला असला तरी असाच आवाज येतो. पण चेन उघडायची तर खर्च हजारांत जातो. फिल्टर दीड-दोनशेचा. आधी फिल्टर बदला, आठवडाभर सकाळी कान देऊन ऐका, मग पुढचं बघू.


शाहूपुरीकर
शनिवार, रात्री १०.४५

मेस्त्री काका, मनापासून आभार. इतकं नीट मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मग कंपनी कुठली? बॉश, महले, प्युरोलेटर, एलोफिक ही नावं दुकानात होती. आणि मारुतीचा स्वतःचा.


काळी_रेती
शनिवार, रात्री ११.२०

मी शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत क्वालिटी इन्स्पेक्शनला आहे. जी वस्तू मोजता येते ती मोजून बघायची सवय लागलीय. दोन वर्षांपूर्वी मलाही हाच प्रश्न पडला होता, तेव्हा स्वतःच्या आणि मित्रांच्या गाड्यांतून निघालेले वेगवेगळे फिल्टर जमवले आणि कापून बघितले. सात नग कापले. सगळ्यांच्या कामाला येईल म्हणून जे दिसलं ते लिहितो.

आधी कापण्याबद्दल. हॅकसॉनं कापू नका. लोखंडाचा कीस आत पडतो आणि मग तो इंजिनातून आलाय की करवतीतून ते कळत नाही. नळकामाचा मोठा पाइप कटर घ्या, डब्याच्या काठाजवळून गोल फिरवा, झाकण स्वच्छ निघतं.

सातांपैकी एक खोटा होता. खोका हुबेहूब, आतला माल वेगळा. कागदाच्या घड्या एकसारख्या नव्हत्या, एका बाजूला दाटीवाटीनं आणि दुसऱ्या बाजूला बोटभर फट. जिथे कागदाची दोन टोकं जोडतात तिथला सांधा अर्धा उघडा होता. म्हणजे ऑईल कागदातून न जाता त्या फटीतून सरळ पलीकडे. आतला रबर इतका पातळ की दोन बोटांत दाबला तर परत मूळ आकारात आलाच नाही. आणि बायपासची (फिल्टर चोंदला तर ऑईल न गाळता पुढे सोडणारी झडप) स्प्रिंग म्हणून वाकवलेली पत्र्याची पट्टी, ती बोटानं ढकलली तरी उघडत होती.

बाकी सहा चांगल्या कंपन्यांचे होते. त्यांच्यात फरक होते, पण खरं सांगायचं तर एकही 'वाईट' म्हणण्यासारखा नव्हता. एकात घड्या जास्त, एकात कमी पण कागद जाड. एकाचं आतलं झाकण पत्र्याचं, एकाचं दाबलेल्या पुठ्ठ्याचं. पुठ्ठा बघून मी आधी दचकलो होतो, पण कागद त्याला पक्का चिकटला होता आणि कुठे सुटलेला नव्हता. त्यामुळे घड्या मोजून किंवा पुठ्ठा दिसला म्हणून निकाल देऊ नये असं माझं मत झालंय. कागदाऐवजी काचतंतू मिसळलेलं कृत्रिम माध्यम असेल तर कमी घड्यांतही तेवढंच काम होतं.

खरा फरक रबरात दिसला. काळा नायट्राइल रबर वर्षभर तापून कडक होतो. सिलिकॉनचा (बहुतेक वेळा लाल किंवा केशरी असतो, पण नुसत्या रंगावर विसंबू नका) वर्षानंतरही मऊ होता. ज्यांच्या गाडीत डबा आडवा आहे त्यांनी घेताना एवढं तरी बघावं. बारीक भोकांतून आत डोकावलं तर रबर दिसतो.


बावड्याचा_पैलवान
शनिवार, रात्री ११.३१

नाद खुळा! सात फिल्टर कापलंस?

एक सांग, खोक्यावर मायक्रॉन लिहिलेलं असतंय ते किती धरायचं? एकावर २० बघितलं, एकावर १०. दहाचा चांगला ना?


काळी_रेती
रविवार, सकाळी ७.०५

नुसत्या आकड्याला अर्थ नाही, तो आकडा किती टक्क्यांचा आहे हे महत्त्वाचं. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड. बेअरिंग आणि क्रँकच्या मधली ऑईलची फिल्म काही मायक्रॉनची. त्यामुळे साधारण ५ ते २० मायक्रॉनचे कण सगळ्यात जास्त झीज करतात. त्याहून मोठे कण फिल्टर अडवतोच.

आता एखादी कंपनी '१० मायक्रॉन' लिहिते, पण त्या मापाचे निम्मेच कण अडकत असतील. दुसरी '२० मायक्रॉनला ९९ टक्के' लिहिते. दुसरी प्रामाणिक. याची रीतसर चाचणी आहे, आयएसओ ४५४८-१२. तिच्यात ऑईल फिल्टरमधून पुन्हा पुन्हा फिरवतात, त्यात ठरावीक मापाची धूळ सोडत राहतात आणि फिल्टरच्या अलीकडचे-पलीकडचे कण मोजतात. त्यावरून बीटा हा आकडा काढतात. बीटा २ म्हणजे दोन कणांतला एक अडकला, ५० टक्के. बीटा ७५ म्हणजे पंचाहत्तरांतले चौऱ्याहत्तर अडकले, ९८.७ टक्के. खोक्यावर किंवा कंपनीच्या कॅटलॉगमध्ये हे दोन्ही आकडे जोडीनं दिले असतील तरच तुलना करा.

आणि गाळणं फार बारीक केलं की ऑईलला जायला अडथळा वाढतो. चहाची गाळणी आणि मलमलचा कपडा यातला फरक. इंजिन बनवणाऱ्यांनी पंपाचा जोर बघून फिल्टर ठरवलेला असतो, त्याच्यापुढे आपण शहाणपण करू नये.


गगनबावडा_रोड
रविवार, सकाळी ८.१५

माझा अनुभव डिझेलचा, म्हणून वेगळा. गाडी २०१३ ची डिझेल स्विफ्ट, १.३ मल्टिजेट. हिला डबा नसतो. इंजिनावर घर असतं, त्यात नुसतं कागदाचं एलिमेंट बसतं आणि वर प्लॅस्टिकचं झाकण. मारुतीनं २०२० ला डिझेल बंद केलं, पण आमच्या भागात या गाड्या अजून ढिगानं फिरतात, म्हणून लिहितोय.

गेल्या पावसाळ्याआधी एका गॅरेजला सर्व्हिसिंग केलं. एलिमेंट चांगल्या कंपनीचं, माझ्यासमोर खोक्यातून काढलेलं. त्यात काही खोट नव्हती. पण पोरानं झाकणाची जुनी ओरिंग तशीच ठेवली आणि झाकण लांब पान्यानं घच्च आवळलं. नवी ओरिंग खोक्यातच राहिली. चौथ्या दिवशी करूळ घाट उतरून वैभववाडीला गेलो, येताना घाट चढताना जळक्या ऑईलचा वास. बॉनेट उघडलं तर झाकणाला बारीक तडा आणि इंजिनाची एक बाजू ऑईलनं माखलेली. धुकं, पाऊस, बायको आणि दोन लहान मुलं गाडीत. लाल दिवा लागायच्या आत थांबलो म्हणून इंजिन वाचलं. गगनबावड्यातल्या एका टेम्पोवाल्या मामांनी डब्यातलं लिटरभर ऑईल दिलं, हळूहळू गावापर्यंत आलो. त्यांनी पैसे घेतले नाहीत. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हापासून मी स्वतः उभा राहून करून घेतो. झाकणावरच किती जोरानं आवळायचं ते छापलेलं असतं, माझ्यावर २५ न्यूटन-मीटर आहे. टॉर्क पाना नसेल त्या गॅरेजला मी हे काम देत नाही.

म्हणून शाहूपुरीकर, कंपनीइतकंच बसवणाऱ्याच्या हाताकडेही बघा.


राधानगरीची_लेक
रविवार, सकाळी ९.००

वरच्या प्रतिसादाला माझा पूर्ण पाठिंबा. मी गेली सहा वर्षं माझ्या वॅगनआरचं ऑईल-फिल्टर घरच्या अंगणात स्वतः बदलते. बाबांनी शिकवलं. ट्रॅक्टरचं ते स्वतःच करायचे. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी माझी पद्धत:

गाडी पाच-सात मिनिटं चालवून कोमट करते, मग बंद करून सपाट जागी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जात नाही, आधी खाली पक्का स्टँड लावते. चेंबरचा नट काढून ऑईल पूर्ण निथळू देते, नटाचा वायसर दर वेळी नवा. जुना डबा काढला की त्याचं रबरी पॅकिंग डब्याबरोबर निघालंय ना हे हात लावून बघते. कधीकधी ते इंजिनालाच चिकटून राहतं. तसंच त्यावर नवा डबा आवळला तर दोन पॅकिंग एकावर एक बसतात आणि दाब आल्यावर सगळं ऑईल एका झटक्यात बाहेर येतं. नव्या पॅकिंगवर बोटानं नवं ऑईल फिरवते. मग हातानं आवळत न्यायचं, पॅकिंग टेकलं की पुढे पाऊण फेरा, तोही हातानंच. (फिल्टरवर वेगळं लिहिलं असेल तर तसं.) पाना फक्त काढण्यासाठी.

ऑईल भरून इंजिन मिनिटभर चालू ठेवते, खाली टॉर्च मारून गळती बघते. बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक. फिल्टर भरल्यामुळे पातळी थोडी उतरलेली असते, तेवढं परत घालायचं.

मी जेन्युइनच घेते. एकदा मिळाला नाही म्हणून बॉशचा घातला होता, त्यानंही वर्षभर काही त्रास दिला नाही.


कागलकर
रविवार, सकाळी ९.२०

एक शंका. माझ्या मित्राकडे टोयोटा आहे, माझ्याकडे मारुती. त्याचा उरलेला एक नवा फिल्टर माझ्या गाडीला लावून बघितला तर आट्यांवर चढतोय. डबा थोडा मोठा आहे एवढंच. मोठा म्हणजे जास्त ऑईल, जास्त गाळणं, मग फायदाच ना?


मेस्त्री_उद्यमनगर
रविवार, सकाळी ९.४५

कागलकर, लावू नका. लावला असेल तर आजच काढा. हे मी हात जोडून सांगतो.

मारुतीच्या पेट्रोल गाड्यांना फिल्टरचे आटे २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर पिचचे. होंडा, ह्युंदाईच्याही बऱ्याच गाड्यांना तेच. टोयोटाच्या अनेक गाड्यांना पाऊण इंची, इंचाला सोळा आटे. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, पिच १.५९. दोघांत फरक जेमतेम एका मिलिमीटरचा. त्यामुळे एकाचा डबा दुसऱ्याच्या स्टडवर दोन-तीन फेरे चढतो. हाताला वाटतं बसला. प्रत्यक्षात कुठे सैल राहतो, कुठे आटे खाल्ले जातात. थंड असताना टिकतो. हायवेला चार बारचा दाब आला की सुटू शकतो, आणि सुटला तर चेंबर रिकामा व्हायला मिनिटभरही लागत नाही. आटे चढले म्हणजे फिल्टर बसला असं नव्हे.

आणि समजा आटे तेच असले तरी आतला बायपास वेगळा असतो. फिल्टर चोंदला किंवा थंडीत ऑईल घट्ट असलं की कागदाच्या दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो. तो ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की बायपास उघडतो आणि ऑईल न गाळता पुढे जातं. इंजिनाला ऑईलच न मिळण्यापेक्षा न गाळलेलं मिळालेलं बरं, असा तो हिशोब. हा बायपास कुठल्या इंजिनात डब्यात असतो, कुठल्या इंजिनात ब्लॉकमध्येच असतो, आणि उघडण्याचा दाबही इंजिनागणिक बदलतो. बाहेरून बघून ते कळत नाही, पार्ट नंबरवरूनच कळतं.

म्हणून माझा क्रम असा. पहिला पार्ट नंबर. दुसरं दुकान. तिसरी कंपनी.


स्पेअरवाला
रविवार, दुपारी १२.१०

मी गेली अठरा वर्षं कोल्हापुरात स्पेअरच्या धंद्यात आहे. दुकानाचं नाव लिहीत नाही, जाहिरात होईल. मेस्त्रींनी दुकान दुसऱ्या नंबरवर ठेवलं, मी तर ते पहिल्या नंबरवर ठेवीन.

कंपन्यांबद्दल आधी. कार बनवणारे बहुतेक फिल्टर स्वतः बनवत नाहीत, फिल्टरवाल्यांकडून आपल्या मापाचा बनवून घेतात. महले आणि मान ही जुनी जर्मन नावं, बॉश तर सगळ्यांना ठाऊक. एलोफिक फरीदाबादची. फ्लीटगार्ड पुण्याची, ट्रक-ट्रॅक्टरवाल्यांच्या तोंडात तेच नाव जास्त. प्युरोलेटर हे नाव तर फिल्टरइतकंच जुनं, १९२३ च्या सुमाराला अमेरिकेत मोटारीचा पहिला ऑईल फिल्टर याच नावानं निघाला. यांतला कुठलाही खरा डबा, तुमच्या गाडीच्या पार्ट नंबरचा, वेळेवर बदलला, तर तुमचं इंजिन फिल्टरमुळे खराब होणार नाही. अठरा वर्षांत अस्सल माल लावून फिल्टरमुळे इंजिन गेलेलं एकही गिऱ्हाईक माझ्याकडे आलेलं नाही. खोटा लावून गेलेली मात्र आलीत.

खोटा माल कसा येतो ते सांगतो, कारण मला त्याची चीड आहे. एजंट येतो, तोच खोका, तेच रंग, निम्मा भाव. गॅरेजवाला गिऱ्हाइकाला पूर्ण किंमत लावतो, मधले सत्तर-ऐंशी रुपये त्याचे. डबा गाडीखाली, कोण बघतंय? सगळे गॅरेजवाले असे नाहीत, माझी निम्मी गिऱ्हाइकं गॅरेजवालेच आहेत आणि चोख आहेत. पण जे करतात ते सत्तर रुपयांसाठी दुसऱ्याचं इंजिन पणाला लावतात.

ओळखायचं कसं:
खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष छापलेलं हवं. पाकीटबंद मालावर ते असणं २०११ च्या वजनमापाच्या नियमांनुसार बंधनकारक आहे. खोक्यावरचा पार्ट नंबर आणि डब्यावरचा नंबर एकच आहे ना बघा. डब्यावरची छपाई नखानं खरवडून बघा, खोट्याची बऱ्याचदा उडते. आटे आतून चकचकीत आणि साफ हवेत, बर (धातूची खरखरीत कड) किंवा कीस नको. जेन्युइनला होलोग्राम असतो, पण आजकाल होलोग्रामही नकली येतो, म्हणून तेवढ्यावर थांबू नका. आणि पक्कं बिल घ्या, पार्ट नंबरसकट. जो दुकानदार पार्ट नंबर लिहून बिल द्यायला कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नका. ही एक गोष्ट बाकी सगळ्यांपेक्षा भारी आहे.

शाहूपुरीकर, तुमच्या डब्यावर एक अक्षर वेगळं आहे म्हणालात ना? तो खोट्याचाच प्रकार. ठेवू नका.


कागलकर
रविवार, दुपारी १२.३०

मेस्त्री, काढतो आजच. नुसता लावून बघितला होता, गाडी चालवली नव्हती. नशीब.


दुधाळी_मैदान
रविवार, दुपारी २.४०

महागडा फिल्टर आणि पूर्ण सिंथेटिक ऑईल घालून २० हजार किलोमीटरपर्यंत ओढायचं, असं परदेशी व्हिडिओत बघितलं. कुणी केलंय का? वर्षाला एक सर्व्हिसिंग वाचेल.


काळी_रेती
रविवार, दुपारी ३.१५

आपल्या रस्त्यांवर करू नये असं माझं ठाम मत. आपल्याकडच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना कंपनीनं १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं दिलंय. माझा रोजचा रस्ता शिरोलीतला. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून धुळीत सरकत जावं लागतं, त्यात फाउंड्रीच्या रेतीची धूळ. शहरात सिग्नलला गाडी उभी, किलोमीटर वाढत नाहीत पण इंजिन चालूच. मी ७-८ हजारांना बदलतो आणि फिल्टर दर वेळी. पूर्वी 'एक आड एक ऑईलला फिल्टर' अशी पद्धत होती, पण दीडशे रुपयांसाठी नव्या ऑईलमध्ये जुन्या डब्यातलं काळं ऑईल मिसळायचं कशाला?

धुळीवरून आठवलं. ती ऑईलमध्ये पोचते बऱ्याच अंशी एअर फिल्टरमधून. फाटका किंवा नीट न बसलेला एअर फिल्टर असेल तर जगातला सर्वोत्तम ऑईल फिल्टरही किती पुरेल? दोन्ही बघा.


राधानगरीची_लेक
रविवार, संध्याकाळी ५.३०

पुराचंही लिहून ठेवते. २०१९ ला आणि परत २०२१ ला पाणी आलं तेव्हा माझ्या मावशीची गाडी दोन्ही वेळा पाण्यात होती. पहिल्या वेळी काकांनी घाईनं सेल मारला आणि इंजिन धरलं. दुसऱ्या वेळी आम्ही चावीला हातही लावला नाही. डिपस्टिक काढली तर ऑईल दुधाच्या चहासारखं झालेलं. टो करून नेलं, ऑईल काढलं, फिल्टर काढला, तर कागद पाण्यानं फुगून लगदा झालेला. नवं ऑईल आणि नवा फिल्टर घालून थोडा वेळ चालवलं, ते सगळं परत काढलं, परत नवं. दोन फिल्टर गेले, इंजिन वाचलं. गाडी आजही चालू आहे.

नदीकाठच्या सगळ्यांनी लक्षात ठेवा, पुराच्या पाण्यातून निघालेल्या गाडीचा फिल्टर पुसून परत लावायचा नसतो.


पंचगंगा_घाट
रविवार, संध्याकाळी ६.१०

सगळ्यांना एक कळकळीची विनंती. जे घरी ऑईल बदलतात त्यांनी जुनं ऑईल गटारीत ओतू नका. आपल्या गटारी आणि ओढे शेवटी जातात पंचगंगेतच. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑईल धरलेलं आहे, ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रियावाल्याकडेच जायला हवं. मी कॅनमध्ये भरून, वर 'जुनं ऑईल' लिहून मोठ्या सर्व्हिस सेंटरला देतो, त्यांचा उचलणारा ठरलेला असतो. जुना डबाही रात्रभर पालथा ठेवून निथळून घ्या, कागदात अर्धा पेलाभर ऑईल सहज राहतं.

लहानपणी आम्ही ज्या घाटावर पोहायला शिकलो, तिथे आज पाण्यावर तवंग दिसतो. फार लागतं मनाला.


राधानगरीची_लेक
रविवार, संध्याकाळी ६.२५

दादा, अगदी बरोबर. मी ते लिहायला हवं होतं. मीही कॅन भरूनच देते.


शाहूपुरीकर
पुढचा रविवार, सकाळी १०.००

मंडळी, आठवडाभर मुद्दाम थांबलो, म्हणजे खात्रीनं सांगता येईल.

सोमवारी आरसी बुक घेऊन जेन्युइन पार्टच्या काउंटरवर गेलो, चासी नंबर दाखवून माझ्या गाडीचा पार्ट नंबर लिहून घेतला. मग तोच नंबर दाखवून जेन्युइन फिल्टर घेतला, पक्क्या बिलासह. नख मारून बघितलं, छपाई उडाली नाही. भोकातून आत डोकावून रबरही बघितला. मंगळवारी सुट्टी टाकून एका दुसऱ्या मेस्त्रींकडे शेजारी उभं राहून बदलून घेतला. जुना फिल्टर नुसता हातानं फिरवला तर सुटला, म्हणजे नीट आवळलेलाही नव्हता. मेस्त्रींनी पॅकिंगला ऑईल लावलं, हातानंच आवळलं. डब्यातही थोडं ऑईल आधीच भरून घेतलं.

बुधवारपासून आजपर्यंत पाच सकाळी झाल्या. खडखड नाही. लाल दिवा सेल मारल्यावर लगेच विझतो. शुक्रवारी वडिलांना मिरजेला नेऊन आणलं. जाताना त्यांनीच विचारलं, गाडी आज एवढी शांत कशी?

जुना डबा मी टाकलेला नाही, निथळून पिशवीत ठेवलाय. काळी_रेती, तुमच्या पाइप कटरनं तो उघडून बघायचाय. शिरोलीला कधी येऊ?


काळी_रेती
पुढचा रविवार, सकाळी १०.२०

दादा, बातमी वाचून खरंच आनंद झाला. गुरुवारी आमची सुट्टी असते, सकाळी या. कटर माझ्याकडे आहे. कागदाच्या सांध्याचा आणि रबराचा जवळून फोटो काढू आणि इथेच टाकू, म्हणजे बाकीच्यांना ओळखता येईल.


मेस्त्री_उद्यमनगर
पुढचा रविवार, सकाळी ११.०५

शाहूपुरीकर दादा, छान झालं. चार महिने गाडी रोज दोन-तीन सेकंद कोरडी चालू झालीय, म्हणून दोन गोष्टी करा. महिनाभर दर रविवारी सकाळी गार इंजिनावर डिपस्टिक बघा आणि पातळी वहीत लिहा. आणि यावेळी १० हजारांची वाट न बघता ५ हजारांना ऑईल-फिल्टर बदला. तो निघालेला फिल्टरही काळी_रेतींकडे कापून बघा. कागदावर चकचकीत कण दिसले तर मला कळवा, मी गाडी बघतो. दिसले नाहीत तर चेनची काळजी सोडा.

गुरुवारी शिरोलीला मीही येतोय.